उसाचा चोथा आणि हिरवी वाट

मुलांनो, जुलै महिना सुरू झाला की आपल्या मॉरिशसच्या रस्त्यांवरून उसाने भरलेल्या मोठमोठ्या गाड्या धावू लागतात. एखाद्या वळणावर उसाचे कांडे रस्त्यावर पडलेले दिसते. तुमची बस साखर कारखान्याजवळून जात असेल, तर रसाचा गोड वासही येतो.

उसापासून साखर होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण रात्री अभ्यासाला बसताना तुम्ही बटण दाबता आणि दिवा लागतो. त्या उजेडातही थोडा ऊस असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? नवल वाटले ना? मग ऐका.

कारखान्यात उसाचा रस काढून घेतला की मागे कोरडा चोथा उरतो. त्याला बगॅस असेही म्हणतात. तुम्ही ऊस चावून खाता तेव्हा तोंडात जो चोथा उरतो, तसाच हा. पण तुम्ही तो टाकून देता, कारखाना टाकत नाही. हा चोथा मोठ्या भट्टीत जाळतात. त्या उष्णतेने बॉयलरमधले पाणी उकळते आणि त्याची वाफ होते. वाफेच्या जोराने टर्बाइनची चाके गरगर फिरतात, त्यांच्याबरोबर जनित्र फिरते आणि वीज तयार होते. थोडी वीज कारखाना स्वतः वापरतो. उरलेली वीज तारांवरून गावोगावी जाते. रस गाळताना जो गाळ मागे राहतो, तोही वाया जात नाही. तो खत म्हणून पुन्हा शेतात पडतो.

म्हणजे पाहा, एकाच उसापासून साखर मिळाली, वीज मिळाली आणि खतही मिळाले!

आता एक प्रश्न विचारू का? ऊसतोड साधारणपणे जूनपासून डिसेंबरपर्यंत चालते. ऊस संपला की चोथाही संपतो. मग पुढच्या काही महिन्यांत वीज कशी मिळते? त्या दिवसांत त्याच भट्ट्यांमध्ये दगडी कोळसा जळतो. आपल्या बेटावर कोळशाच्या खाणी नाहीत आणि तेलाच्या विहिरीही नाहीत. कोळसा आणि तेल जहाजांतून परदेशाहून आणावे लागते. आपल्याकडच्या विजेचे पाच भाग केले, तर जवळजवळ चार भाग अजूनही या आणलेल्या इंधनावर तयार होतात.

यात दोन अडचणी आहेत. पहिली अडचण पैशांची. इंधन विकत घेण्यासाठी देशाचा पुष्कळ पैसा बाहेर जातो. दुसरी अडचण हवेची. कोळसा आणि तेल जाळले की कार्बन वायू हवेत मिसळतो. हा वायू पृथ्वीभोवती पांघरुणासारखा पसरतो आणि उष्णता अडवून धरतो. त्यामुळे पृथ्वी तापते, समुद्राची पातळी वाढते आणि समुद्रातली प्रवाळे पांढरी पडून मरू लागतात. आपण तर चारी बाजूंनी समुद्राने वेढलेल्या बेटावर राहतो. आपल्याला याची काळजी वाटणारच.

तुमच्यापैकी कोणी हुशार मुलगा किंवा मुलगी विचारील, "चोथा जाळला तरी तो वायू निघतोच ना?" होय, निघतो. पण शेतात वाढणारा नवा ऊस तो वायू पुन्हा आपल्या पानांत शोषून घेतो. कोळशाचे तसे नाही. तो कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला होता. तो जाळला की जमिनीतला कार्बन नव्याने हवेत येतो, आणि तो परत घ्यायला नवा कोळसा काही उगवत नाही.

तुमच्या घरात आई-बाबा महिन्याचा हिशेब करतात. पैसे कुठून आले, कुठे गेले, किती उरले, हे ते पाहतात. देशाचाही असाच हिशेब असतो. लोक काय पिकवतात, काय बनवतात, काय विकतात, काय विकत घेतात, या सगळ्या व्यवहाराला अर्थव्यवस्था म्हणतात. हवा, पाणी, माती आणि जंगल न बिघडवता हा व्यवहार चालवायचा, त्याला म्हणतात हरित अर्थव्यवस्था. 'हरित' म्हणजे हिरवी. लोकांची पोटे भरली पाहिजेत आणि पुढच्या मुलांसाठी पृथ्वीही चांगली राहिली पाहिजे, असा तिचा अर्थ आहे.

हवा-पाणी आणि पोट यांचा एवढा जवळचा संबंध असतो का? २०२० साली आपल्या देशाने तो स्वतः पाहिला आहे. त्या वर्षी २५ जुलैला 'वाकाशियो' नावाचे एक मोठे जहाज आपल्या आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळांच्या रांगेवर अडकले. जहाजात माल नव्हता, पण त्याच्या इंजिनासाठी लागणारे तेल होते. ६ ऑगस्टला ते गळू लागले. सुमारे एक हजार टन तेल निळ्या पाण्यात पसरले. माहेबूरच्या किनाऱ्यावर काळा थर आला.

तेव्हा लोकांनी काय केले, ते आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. लोक दुसऱ्या कोणाची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी शेतातून उसाचे पाचट आणले. ते कापडात भरून लांबलचक वळकट्या शिवल्या. त्या समुद्रावर तरंगत ठेवल्या, म्हणजे तेल पुढे सरकू नये. म्हातारी माणसे, तरुण, मुले, सगळे कामाला लागले. तरीही नुकसान झालेच. कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. मासे पकडता येईनात. समुद्र बिघडला, तेव्हा कोळ्याच्या घरातली चूलही अडचणीत आली. हवा-पाणी आणि पोट वेगळे नाहीत, ते असे.

मग सगळे देश एकदम हिरव्या वाटेने का जात नाहीत? कारण प्रत्येक देशाची परिस्थिती निराळी आहे. एका घरात विहीर असते, दुसऱ्या घरात आंब्याची झाडे असतात, तिसऱ्या घरात फक्त शिलाईचे यंत्र असते. ज्याच्याजवळ जे असेल, त्यातूनच तो संसार चालवतो. देशांचेही तसेच आहे. चला, आपण काही देशांत फिरून येऊ.

पहिला देश डेन्मार्क. हा युरोपातला लहानसा देश आहे. तिथे ऊस नाही आणि उंच डोंगरही नाहीत. पण वारा मात्र भरपूर आहे. १९७३ साली जगात तेल एकाएकी महाग झाले. त्या वेळी डेन्मार्कचे सारे काम परदेशी तेलावर चाले. काही महिने तिथे रविवारी मोटारी चालवायलाच बंदी होती. मोकळ्या रस्त्यांवरून लोक पायी आणि सायकलने फिरले. तेव्हा तिथल्या लोकांनी ठरवले, आपल्याजवळ जे आहे, त्याचा उपयोग करू. शेतकऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी भागीदारीत पवनचक्क्या उभारल्या. १९९१ साली तर त्यांनी समुद्रात अकरा पवनचक्क्या उभ्या केल्या. समुद्रातले ते जगातले पहिले पवनक्षेत्र होते. आज डेन्मार्कच्या विजेचा निम्म्याहून अधिक भाग वाऱ्यापासून मिळतो. पण ही गोष्ट एका वर्षात झाली नाही. तिला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

दुसरा देश कोस्टारिका. हा मध्य अमेरिकेत आहे. तिथे पाऊस खूप पडतो, नद्या वाहतात आणि ज्वालामुखीही आहेत. वाहते पाणी आणि जमिनीखालची उष्णता यांपासून तिथली बहुतेक वीज तयार होते. या देशाने आणखी एक शहाणपण केले. गुरांच्या कुरणांसाठी तिथली जंगले फार तोडली गेली होती. जंगल तोडले तर शेतकऱ्याला पैसे मिळत, राखले तर काहीच मिळत नसे. मग तो बिचारा काय करणार? म्हणून १९९७ सालापासून सरकार जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे देऊ लागले. हे पैसे पेट्रोल-डिझेलवरच्या करातून येतात. जो धूर सोडतो तो पैसे भरतो, आणि जो झाड राखतो त्याला ते मिळतात. आज त्या देशाची निम्म्याहून अधिक जमीन पुन्हा जंगलाखाली आली आहे. ते जंगल बघायला दुरून प्रवासी येतात आणि त्यांच्यामुळे गावातल्या लोकांना काम मिळते.

तिसरा देश जर्मनी. त्याची गोष्ट अवघड आहे. तिथल्या रूर नावाच्या भागात दगडी कोळशाच्या मोठमोठ्या खाणी होत्या. १९५७ च्या सुमारास जर्मनीत या खाणींत जवळजवळ सहा लाख माणसे काम करत होती. आजोबा खाणीत, बाबा खाणीत आणि मुलगाही खाणीतच, अशी किती तरी घरे होती. पुढे परदेशाचा कोळसा स्वस्त झाला आणि या खाणी तोट्यात गेल्या. एकदम कुलूप लावले असते, तर त्या घरांचे काय झाले असते? म्हणून खाणी हळूहळू बंद केल्या. राहिलेल्या सगळ्या खाणी २०१८ पर्यंत बंद करायच्या, असे २००७ साली ठरले. म्हणजे तयारीला अकरा वर्षे मिळाली. वय झालेल्या कामगारांना निवृत्तिवेतन मिळाले. तरुणांना नवे काम शिकवले. २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोप गावी शेवटची खाण बंद झाली. कामगारांनी वर आणलेला शेवटचा कोळसा देशाच्या राष्ट्रपतींच्या हाती दिला. त्या दिवशी अनेकांचे डोळे भरून आले. जर्मनीत लिग्नाइट नावाचा तपकिरी कोळसा मात्र अजून निघतो. तोही उशिरात उशिरा २०३८ पर्यंत थांबवायचा, असा तिथे कायदा आहे.

चौथा देश भारत. आपले पूर्वज तिथूनच आले. भारत खूप मोठा आहे. तिथे एकशे चाळीस कोटींहून अधिक लोक राहतात. तिथली बहुतेक वीज कोळशापासून तयार होते. लाखो कुटुंबे कोळशाच्या कामावर जगतात. महाराष्ट्रात चंद्रपूर भागातही कोळशाच्या खाणी आहेत. पण भारतात ऊनही भरपूर आहे. म्हणून तिथे सौर विजेची मोठमोठी केंद्रे उभी राहिली आहेत. शेतातल्या विहिरीचे पाणी सौर पंपाने वर येऊ लागले आहे. २०१५ साली भारत आणि फ्रान्स यांनी पुढाकार घेऊन सूर्याच्या शक्तीचा उपयोग करणाऱ्या देशांचा एक संघ सुरू केला. आपला मॉरिशसही त्यात आहे. आणि एक गंमत सांगू? महाराष्ट्रात कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत साखर कारखाने आहेत. तिथलेही कित्येक कारखाने चोथ्यापासून वीज करतात. त्याला सहवीजनिर्मिती असे नाव आहे. ज्या मातीतून आपले पूर्वज गलबताने इकडे आले, तिथेही ऊस दिवे लावतो आहे!

चला, आता घरी परत येऊ.

आपले पणजोबा-खापरपणजोबा कोकणातून मुंबईच्या बंदरात आले आणि तिथून या बेटावर आले. त्यांनी दगड वेचून शेते तयार केली आणि ऊस लावला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या बेटावर अडीचशेहून अधिक साखर कारखाने होते. आज फक्त तीन राहिले आहेत. असे का झाले? १९७५ सालापासून युरोपातले देश आपली साखर ठरावीक चांगल्या भावाने घेत. २००६ नंतर त्यांनी तो भाव टप्प्याटप्प्याने छत्तीस टक्क्यांनी कमी केला. २००९ साली तो जुना करारही संपला. नुसत्या साखरेवर भागेना. तेव्हा लहान कारखाने बंद करून थोडे पण मोठे कारखाने ठेवले. मोठ्या कारखान्यात चोथ्यापासून जास्त वीज करता येते.

पण बंद झालेल्या कारखान्यातल्या कामगारांचे काय? २००१ पासून पुष्कळ कामगारांना काम सोडताना पैसे आणि जमिनीचा लहानसा तुकडा देण्यात आला. काहींनी त्यावर घर बांधले, काहींनी भाजी लावली. तरीसुद्धा ज्या भोंग्याच्या आवाजावर सारे गाव उठत होते, तो भोंगा थांबला. चाळीस वर्षे एकच काम केलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जावे, हे कळत नसे. हे दुःख पैशाने सगळे भरून येत नाही. म्हणून मुलांनो, हे लक्षात ठेवा. नवी वाट चांगली असली, तरी जुन्या वाटेवर राबलेल्या माणसांना मागे सोडून जायचे नसते. त्यांना बरोबर घेऊन जाणारी वाटच खरी हिरवी वाट.

या वाटेवर आपल्या देशानेही काही पावले टाकली आहेत. २०१४ साली बांबू गावाजवळ एक मोठे सौर वीज केंद्र सुरू झाले. २०१६ साली प्लेन दे रोश इथे पवनचक्क्या फिरू लागल्या. किती, माहीत आहे? बरोबर अकरा! डेन्मार्कने समुद्रात पहिल्यांदा उभारल्या, तेवढ्याच. त्याच वर्षी १ जानेवारीपासून दुकानांतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तुमची आजी बाजारात जाताना कापडी पिशवी किंवा टोपली नेते ना? आजीची जुनी रीतच आता देशाचा नवा नियम झाली आहे. २०१९ साली विजेवर चालणारी मेट्रो सुरू झाली. आता ती पोर्ट लुईहून क्युरपिपपर्यंत जाते. २०२१ साली सरकारने कोळशापासून वीज करणे पुढे थांबवायचे, असे जाहीर केले.

अजून पुष्कळ चालायचे आहे. मेट्रो विजेवर धावते, पण ती वीज कोळशापासून झाली असेल, तर धूर कमी झाला की नुसता एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला? विचार करा. असे प्रश्न विचारणारी मुलेच उद्या त्यांची उत्तरे शोधतील. तुमच्यापैकी कोणी पवनचक्की दुरुस्त करील. कोणी शेतात ऊस आणि भाजी दोन्ही पिकवील. कोणी प्रवाळांची निगा राखील. ही सगळी हिरव्या वाटेवरची कामे आहेत.

आज रात्री दिव्याचे बटण दाबाल, तेव्हा क्षणभर थांबा. हा उजेड कशाचा? उसाचा, उन्हाचा, वाऱ्याचा, पाण्याचा की दूरच्या देशातून आलेल्या कोळशाचा? आणि काम संपले की ते बटण बंद करायला विसरू नका.

शब्दार्थ
चोथा – रस काढून उरलेला कोरडा भाग
पाचट – उसाची वाळलेली पाने
जनित्र – वीज तयार करणारे यंत्र
इंधन – उष्णता मिळवण्यासाठी जाळायचा पदार्थ
प्रवाळ – समुद्रातील एक जीव, पोवळे
वळकटी – गुंडाळी
निवृत्तिवेतन – काम सोडल्यावर दरमहा मिळणारे पैसे
राबणे – खूप कष्ट करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बगॅस कशाला म्हणतात?
(आ) डेन्मार्कजवळ कोणती नैसर्गिक शक्ती भरपूर आहे?
(इ) कोस्टारिकात जंगल राखणाऱ्यांना देण्यासाठी पैसे कोठून येतात?
(ई) जर्मनीतील दगडी कोळशाची शेवटची खाण कोणत्या साली बंद झाली?

२. रिकाम्या जागा भरा.
(अ) ऊसतोड साधारणपणे ........ पासून ........ पर्यंत चालते.
(आ) प्लेन दे रोश इथे ........ पवनचक्क्या आहेत.
(इ) चोथ्यापासून वीज करण्याला महाराष्ट्रात ........ असे म्हणतात.

३. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) २०२० साली तेल पसरले, तेव्हा लोकांनी उसाच्या पाचटाचा उपयोग कसा केला?
(आ) जर्मनीत खाणी एकदम बंद न करता हळूहळू का बंद केल्या?
(इ) 'आजीची जुनी रीतच आता देशाचा नवा नियम झाली आहे', असे पाठात का म्हटले आहे?

४. वाक्यांत उपयोग करा.
वाया जाणे, पुढाकार घेणे, निगा राखणे, डोळे भरून येणे

५. उपक्रम
पूर्वी साखर कारखान्यात किंवा उसाच्या शेतात काम केलेल्या एखाद्या आजोबांना किंवा आजींना भेटा. त्यांचे काम कसे होते आणि पुढे काय बदलले, ते विचारा. त्यांनी सांगितलेली माहिती आठ-दहा ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.